मावळ्याच्या अंगावरचे साटीन

२०१५ साली ‘बाजीराव मस्तानी’तील ‘पिंगा’ या गाण्यावरून, त्यातल्या नृत्यावरून आणि लुगड्याच्या नेसणीवरून केवढा गदारोळ झाला! पेशवीणबाईंच्या लुगड्याची चिंता वाहणाऱ्यांना पाईकाच्या अंगरख्याची चिंता का वाटत नाही, हा आमचा प्रश्न आहे.

‘जाणता राजा’ने १९८५ पासून महानाट्यात खरे हत्ती-घोडे आणले. त्याच्या वाटेने आज गावोगावी होणाऱ्या प्रयोगांत जनावरे खरी असतात. मावळे मात्र चकाकत्या साटिनात, बिनमळलेले. प्रेक्षकांना भव्यता हवी असते, हे त्यावरचे ठरीव उत्तर. वस्तुतः साटिनी अंगरख्यातला मावळा दोर धरून कडा चढतो तेव्हा दिसते ती कसरत. धाडस दिसत नाही. धाडसाला ऊन, घाम आणि धूळ लागते.

आम्ही माणदेशातले. मेंढीच्या काळ्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी इकडे सनगर मागावर विणत आले. पावसात, थंडीत अंगावर आणि रात्री अंगाखाली तीच. ‘माणदेशी माणसं’ (१९४९) वर्गात शिकवायची आणि रंगमंचावर त्याच माणसांच्या पूर्वजांना वरातीचे कपडे चढवायचे, हा दुटप्पीपणा आहे. राजाच्या जिरेटोपातला मोती मोजणाऱ्या इतिहासप्रेमाने एकदा मावळ्याच्या खांद्याकडेही पाहावे.