प्रत कोण ठरवणार?



कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ साली सुरू झाली. तिची वर्षे ज्यांनी भोगली ते ग्रेडरला विसरलेले नाहीत. खरेदी सरकारी यंत्रणेची आणि ग्रेडरही सरकारचाच. गाडीत हात घालायचा, मुठीत आलेला कापूस पाहायचा आणि प्रत सांगायची. वर्षभराच्या घामाचे मोल त्या एका मुठीवर ठरायचे. दाद मागावी तर ज्याने माल घेतला त्याच्याच दारात. माल घेणाऱ्याच्या हाती प्रत ठरवण्याचा अधिकार गेला की काय होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आज तोच प्रश्न आपल्या पोरांच्या कसबाबाबत उभा आहे.

१९७२ च्या दुष्काळाने कोरडवाहू गावांतून मुंबईला जाणारी वाट चांगलीच मळली. ती आजही बंद नाही. सकाळी घाटकोपर-मुलुंडच्या नाक्यावर मजुरीसाठी उभी राहणारी माणसे कोणत्या मुलखातली, हे त्यांच्या बोलीवरून कळते. अंधेरीत १९७३ पासून निर्यातीचा सीप्झ आहे, शेजारी मरोळची औद्योगिक वसाहत आहे. बोरिवलीच्या अलीकडे कांदिवलीला महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आहे. कापसाचा खर्च निघत नाही म्हणून गाव सोडलेला पोरगा तिथे कामातूनच काम शिकतो. प्रश्न एवढाच, की तो काय शिकला हे कोण ठरवते आणि कशावरून?

शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा आहे. कारखानदार आणि उमेदवार यांच्यात करार होतो व त्याची सरकारदरबारी नोंद होते. आधी मूलभूत प्रशिक्षण, मग कारखान्यात प्रत्यक्ष मशीनवर काम आणि जोडीला वर्गातले शिक्षण. मुलुंडसारख्या ठिकाणच्या सरकारी आयटीआयमधून जो आधीच फिटर किंवा वायरमन होऊन आला, त्याला पुन्हा मूलभूत प्रशिक्षण घ्यावे लागत नाही. रोज काय काम केले ते उमेदवाराने वहीत लिहायचे. ठरावीक ट्रेडमध्ये अखेरीस अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा होते. तिच्यात लेखी आहे, तसे हाताने काम करून दाखवणेही आहे. पास झाला की देशभर चालणारे प्रमाणपत्र मिळते. २०१९ च्या नियमांनी ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना उमेदवार घेणे बंधनकारक केले आणि किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे महिना ५ ते ९ हजार रुपये ठरवले.

मांडणी चांगली आहे. पण कायद्याच्या लेखी हा उमेदवार कामगार नव्हे, शिकाऊ आहे. नोकरी देण्याचे बंधन कारखानदारावर नाही. २०१४ च्या दुरुस्तीनुसार भरतीचे धोरण ज्याचे त्याने ठरवायचे. म्हणजे पोराच्या पदरात पडते ते फक्त कसब आणि कागद. वर्षभर माल उचलायला आणि फरशी झाडायला लावले, तर परीक्षेच्या दिवशी त्याचा हात कसा चालणार? स्वस्त मजुरी कारखानदाराला मिळाली, नापासाचा शिक्का मात्र पोराच्या कपाळी! म्हणून ती रोजची वही म्हणजे पोराची काटापावती आहे. ती कोरी राहता कामा नये.

दुसरी वाट आहे, आधीच येत असलेल्या कामाला मान्यता देण्याची. दहा वर्षे सळई बांधणाऱ्याला पुन्हा शाळेत बसवायचे नाही; थोडी ओळख करून द्यायची, परीक्षा घ्यायची आणि प्रमाणपत्र द्यायचे. २०१५ च्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत ही सोय आली. कल्पना आम्हाला मान्य आहे. शाळेबाहेर शिकलेल्या माणसाच्या कसबाची किंमत व्हावी, हे आपलेच म्हणणे आहे. पण जेथे डोकी मोजून पैसे मिळतात तेथे डोकीच मोजली जातात. दर्जा ठरवायचा, परीक्षा घडवायची आणि प्रमाणपत्रही द्यायचे, अशी सगळी कामे क्षेत्रवार कौशल्य परिषदांकडे एकवटली होती. २०१६ साली नेमलेल्या शारदा प्रसाद समितीने या हितसंबंधांच्या गुंत्यावर बोट ठेवले. पुढे २०१८ साली व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षणाची राष्ट्रीय परिषद नियामक म्हणून स्थापन झाली. प्रमाणपत्र देणारी संस्था आणि परीक्षा घेणारी संस्था यांना मान्यता देणे व त्यांच्यावर लक्ष ठेवणे हे तिचे काम. नियामक आला म्हणून काटा आपोआप सरळ होत नाही, हे मात्र आपण बाजार समित्यांत पाहिलेलेच आहे.

हा प्रश्न मुंबईला गेलेल्यांचाच नाही. शेतीकामासाठीही अशी परिषद आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. उद्या फवारणीचे प्रमाणपत्र निघाले आणि त्याची परीक्षा सभागृहात खुर्च्यांवर बसून, कागदावर खुणा करून झाली, तर त्या कागदाचा उपयोग काय? पाठीवर पंप घेऊन, वारा पाहून, औषध मोजून दाखवले तरच ती परीक्षा. खोटी प्रत इथे जिवाशी येते.

आम्ही पोरांसाठी नोकऱ्यांची भीक मागत नाही. मागणी सरळ काट्याची आहे. शिकवणारा एक असावा, पारखणारा दुसरा असावा. पारखणाऱ्याने ते काम स्वतः केलेले असावे. परीक्षा कामाच्या जागी, हाताच्या कामावर व्हावी. निकाल अमान्य असेल तर फेरतपासणीचा हक्क असावा.

तोवर आपणही सावध राहू या. पोरगा कारखान्यात लागला असे सांगत आला तर पगाराआधी विचारा: करार नोंदला का? ट्रेड कोणता लिहिला? परीक्षा कोण घेणार? वही कोण तपासतो? जिल्हा बैठकीला येताना गावातून बाहेर शिकाऊ म्हणून गेलेल्या पोरांची माहिती घेऊन या. कोणाला कागद मिळाला, कोणाला नुसतेच राबवले, हे एकत्र मांडले तरच बोलता येईल. कापसाच्या वेळी एकट्याने ग्रेडरशी वाद घालून काही झाले नव्हते.