आईबापांनी दाखवलेला देव

ख्रिस्ती घरातलं मूल बोलू लागलं की लवकरच प्रभूची प्रार्थना शिकतं. त्या प्रार्थनेत देवाला मारलेली पहिलीच हाक बापाला मारतात तशी आहे. मुलाला त्रैक्य कळत नसतं, प्रायश्चित्त कळत नसतं. बाप मात्र चांगला ठाऊक असतो. तो कामावरून आला की घर खुलतं की चिडीचूप होतं, चूक कबूल केल्यावर तो जवळ घेतो की हात उगारतो, हे त्याला पक्कं माहीत असतं. स्वर्गातल्या बापाविषयीचा अंदाज ते त्यावरूनच बांधतं. आना-मारिया रिझुटो या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९७९ साली आपल्या ग्रंथात हेच मांडलं : मुलाच्या मनातला देव धर्मशिक्षणाच्या आधीच, आईबापांच्या सहवासात आकार घेऊ लागतो.

मराठी ख्रिस्ती माणसाला याचा दाखला शोधायला लांब जावं लागत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे वडील कडक, तापट. आई जानकीबाई मायाळू, काव्याची आवड असलेली. टिळक पोरवयाचे असतानाच ती गेली. पुढे १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यांच्या अभंगांतून ख्रिस्त आला तो गुरुमाउली होऊन. ही भाषा त्यांना वारकरी संतांकडून मिळाली, यात शंकाच नाही; तुकोबांचं ऋण ते स्वतः मानत. पण त्या भाषेतला जिव्हाळा मला जानकीबाईंचाही वाटतो. घरातल्या बापाचा धाक वाटत असूनही टिळकांचा देव धाकाचा झाला नाही. आईच्या मायेची थोडकी वर्षं आयुष्यभर पुरली. बायबलही त्यांच्या बाजूनं आहे. आई लेकराचं सांत्वन करते तसं मी तुमचं करीन, असं यशयाच्या ग्रंथात देव सांगतो.

आमचे पप्पा इंदुरात कापडगिरणीत होते. आजी गेली तेव्हा मी लहान होतो. समाचाराला येणारा जो तो ‘देवाची मर्जी’ म्हणे. रात्री मी पप्पांना विचारलं, ‘‘आपण एवढी प्रार्थना केली, तरी देवानं आजीला बरं का नाही केलं?’’ ते म्हणाले, ‘‘मलाही नाही कळत, बेटा. चल, दोघं मिळून त्यालाच विचारू.’’ आम्ही गुडघे टेकले. पप्पांनी माझाच प्रश्न देवाला विचारला आणि विचारता विचारता ते रडले. पुढे स्तोत्रं वाचू लागलो, ईयोब वाचला, तेव्हा त्यातली तक्रार मला परकी वाटली नाही. ज्याच्यापुढे रडता येतं, ज्याला जाब विचारता येतो, असा देव मला पप्पांनी आधीच दाखवला होता. त्यानंतर ऐकलेल्या कितीतरी प्रवचनांपेक्षा ती रात्र मला अधिक शिकवून गेली.

माया म्हणजे नुसतं गोंजारणं नव्हे. तिची कसोटी क्षमेपाशी लागते आणि ती कसोटी आपल्या इंदूरनं पाहिली आहे. केरळच्या सिस्टर राणी मारिया उदयनगरच्या आदिवासी भागात काम करत. सावकारीच्या पाशातून माणसांनी सुटावं म्हणून झटत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांची भोसकून हत्या झाली. मारेकरी समंदरसिंह तुरुंगात असताना, २००२ साली, राणी मारियांच्या धाकट्या बहिणीनं, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, त्याला राखी बांधली. पुढे आई एलिस्वा त्याला भेटल्या आणि लेकीच्या रक्तानं माखलेल्या त्या हातांचं त्यांनी चुंबन घेतलं. सुटून आल्यावर तो त्या माउलीच्या केरळातल्या घरीही जाऊन आला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरात राणी मारियांना ‘धन्य’ घोषित केलं गेलं. त्यांच्या पवित्र जीवनाविषयी बोलताना मला त्या घराचाही विचार येतो. क्षमा करणारा देव तिथे नुसता शिकवला गेला नसणार. तो रोज जगला गेला असणार. उधळ्या मुलाच्या दाखल्यातला बाप दुरूनच लेकाला पाहतो आणि धावत सुटतो. एलिस्वा तर आपली लेक मारणाऱ्याकडे गेल्या.

मग ज्यांना अशी माया लाभलीच नाही त्यांचं काय? त्यांच्यासाठी पंडिता रमाबाईंकडे पाहावं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात फिरल्या, निराधार मुली घेऊन आल्या आणि केडगावला त्यांच्या आई झाल्या. रमाबाईंना स्वतःला वडिलांची अपार माया मिळाली होती. अनंतशास्त्री डोंगरे यांनी दुष्काळात, मृत्यूच्या दारात, लाडक्या लेकीला देवाच्या हाती सोपवलं, ही आठवण त्यांनी जन्मभर जपली. त्यांनी ती वडिलांची माया शेकडो मुलींपर्यंत पोचवली. रक्ताचं नातं नसलेल्या माणसाकडूनही लेकराला देव कळू शकतो, म्हणूनच हे काम मंडळीतल्या प्रत्येक थोरल्या माणसाचं आहे.

आपण मुलांना संडे स्कूलला पाठवतो, वचनं पाठ करून घेतो, ते चांगलंच आहे. पण घरात चूक कबूल करायला ज्याला भीती वाटते, ते मूल पापांगीकाराची प्रार्थना नुसती ओठांनी म्हणेल. आईबाप देवाची जागा घेऊ शकत नाहीत आणि त्यांनी ती घेऊही नये. आपलं चुकलं तर लेकराजवळ तसं सांगावं, म्हणजे आपल्याहून मोठी माया आहे आणि आपणही तिच्याकडेच हात पसरतो, हे त्याला कळेल. लेकरानं देवाला बाप म्हणावं असं वाटत असेल, तर त्या हाकेची त्याला भीती वाटणार नाही, असं आपण वागायला हवं.