विक्रेत्याचे मौन आणि जुन्या मोटारीचा सौदा

सातारा जिल्ह्यातील पुसेगाव आणि सांगली जिल्ह्यातील खरसुंडी येथील यात्रा खिलार जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहेत. या बाजारात बैल घ्यायला आलेला शेतकरी आधी जनावराचे दात पाहतो, खूर तपासतो, पाठीवरून व खांद्यावरून हात फिरवतो आणि त्याला चार पावले चालवून पाहतो. आदत कोणता आणि जुळलेला कोणता, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. विकणारा कितीही वाक्चतुर असला तरी घेणाराही तितकाच जाणता असतो. म्हणून हा सौदा बरोबरीच्या नात्याने होतो.

त्याच शेतकऱ्याचा शिकलेला मुलगा, शिक्षक किंवा कारकून झाल्यावर, जेव्हा जुनी मोटार घ्यायला निघतो, तेव्हा ही बरोबरी उरलेली नसते. तो रंग पाहतो, टायरला पायाने ठोकर देतो, एक फेरी मारतो, मीटरवरचा आकडा वाचतो आणि विसार देऊन मोकळा होतो. गाडी पूर्वी उलटली होती काय, मीटर मागे फिरवला आहे काय, इंजिनात पाणी शिरले होते काय, हे विकणाऱ्याला बहुधा ठाऊक असते. घेणाऱ्याला मात्र ते सहजी कळण्याची सोय नसते. जुन्या मोटारींच्या व्यवहारातून उठणाऱ्या बहुतेक तंट्यांचे मूळ या एका विषमतेत आहे.

अकरलॉफ यांचा सिद्धान्त

ही विषमता अर्थशास्त्राच्या अभ्यासाचा विषय झाली तीही जुन्या मोटारींच्याच निमित्ताने. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये या बाजारावर एक निबंध लिहिला. २००१ मध्ये त्यांना अन्य दोघांसह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात या निबंधाचा वाटा मोठा होता. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : चांगली गाडी कोणती आणि सदोष कोणती हे ग्राहकाला ओळखता येत नसल्यामुळे तो दोन्हींना मधलीच किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगली गाडी विकणे मालकाला परवडत नाही, म्हणून तो बाजारातून मागे सरतो. सदोष गाडीवाला मात्र आनंदाने पुढे येतो. अखेरीस बाजारात खोटा मालच उरतो. तेव्हा फसवणुकीची झळ केवळ ग्राहकाला बसते असे नव्हे. सचोटीने धंदा करणारा व्यापारीही तीत होरपळतो.

एकेकाळी या विषमतेवर नैसर्गिक उतारा होता. परवान्यांच्या जमान्यात स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात ‘प्रिया’ तयार होत असे, तरी खुद्द सातारकरालाही वाट पाहणे चुकत नसे. त्या काळी जुनी गाडी मिळे ती शेजाऱ्याकडून, सहकाऱ्याकडून किंवा नात्यातून. तिचा इतिहास साऱ्या आळीला पाठ असे. यंत्रही साधे होते; प्लग, कार्बोरेटर आणि क्लचची तार यांपलीकडचा बिघाड गल्लीतला मेकॅनिक आवाजावरून ओळखी. आज गाडी तीन हात फिरून, कधी परराज्यातून येते. तिचे इंजिन संगणकाच्या आज्ञेवर चालते आणि तिचा बिघाड कानाला ऐकू येत नाही.

पूर ओसरतो, पाणी राहते

सांगलीच्या ग्राहकाला तर या प्रश्नाची आणखी एक बाजू विसरून चालणार नाही. २००५, २०१९ आणि २०२१ अशा तीन वेळा कृष्णेच्या महापुराने हे शहर वेढले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांवर गेले आणि शहराचा मोठा भाग कित्येक दिवस पाण्याखाली राहिला. घरांबरोबर दारातल्या आणि तळघरातल्या गाड्याही बुडाल्या. त्या सगळ्याच भंगारात गेल्या असे कोणीही म्हणणार नाही. पूर ओसरला, की गाड्या धुऊन, सुकवून, दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणल्या जातात. आणि यात मुळात गैर असे काही नाही. गैर आहे ते हे, की पुढच्या खरेदीदाराला त्याची वार्ताही नसते.

पुराचे पाणी गाळ घेऊन येते. ते वायरिंगच्या जोडांत, सेन्सरमध्ये आणि संगणकीय पेटीत शिरते. तांब्याच्या तारांवर हिरवी बुरशी चढते. गिअरबॉक्सच्या तेलात पाणी मिसळले की ते दुधाळ होते. पाणी शिरलेले इंजिन तसेच सुरू करण्याचा प्रयत्न झाला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. यातील कितीतरी दोष त्या आठवड्यात दिसत नाहीत. सहा महिन्यांनी, वर्षाने उघडे पडतात. तोवर गाडी साताऱ्याला, सोलापूरला किंवा कोकणात कोणाच्या तरी दारात उभी असते.

विम्याच्या प्रचलित पद्धतीनुसार दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला, तर गाडी संपूर्ण नुकसानीत धरली जाते. मालकाला भरपाई मिळते आणि सांगाडा बोली लावून विकला जातो. मोटार वाहन कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार नष्ट झालेल्या किंवा वापरास कायमची निरुपयोगी झालेल्या वाहनाची खबर १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला द्यावी लागते. पण कुशल हातांनी जी गाडी पुन्हा चालू होते, तिला ‘कायमची निरुपयोगी’ म्हणायचे कसे? ती जुन्याच क्रमांकाने धावते, आणि ती बुडाली होती हे नोंदणीपुस्तकात कोठेही लिहिलेले नसते.

मुक्या घोड्याचा दाखला

मग विकणाऱ्याने हे सांगायला नको होते काय? येथे १८७२ चा भारतीय करार कायदा आडवा येतो. त्याच्या १७ व्या कलमात ‘कपट’ म्हणजे काय ते सांगितले आहे, आणि त्याखाली घोड्याची उदाहरणे दिली आहेत. घोडा सदोष आहे हे ठाऊक असूनही विकणारा गप्प राहिला, तर केवळ तेवढ्याने ते कपट ठरत नाही. घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र त्या नात्यामुळे बोलणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणाऱ्याने जर बजावले, की तुम्ही नाही म्हटले नाहीत तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन, तर त्यानंतरचे मौन हे बोलण्यासारखेच मानले जाते.

दीडशे वर्षांपूर्वीची ही उदाहरणे आजच्या मोटारीच्या व्यवहाराला तंतोतंत लागू पडतात. ज्याने विचारले नाही त्याला कायदा फारसा हात देत नाही. ज्याने विचारले त्याच्या बाजूने तो उभा राहतो. १९३० च्या मालविक्री कायद्याचाही रोख हाच आहे. व्यापाऱ्याने वर्णनावरून विकलेला माल विक्रीयोग्य असला पाहिजे, हे तो कायदा मानतो. पण ग्राहकाने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत दिसायला हवे होते अशा दोषांबद्दल त्याला तक्रार करता येत नाही. टायरला ठोकर मारून एक फेरी मारणाऱ्या शिक्षकाने नकळत आपल्याच हक्काला किती मर्यादा घालून घेतली, हे यावरून ध्यानात यावे.

ग्राहक आयोगाची वाट

ग्राहकाच्या हक्कासाठी महाराष्ट्रात चळवळ उभी राहिली ती फार पूर्वी. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचा पाया घातला. देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला १९८६ मध्ये. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २०२० च्या जुलैपासून अमलात आहे. त्यामुळे ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. गाडी पुण्याहून घेतली म्हणून पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचे शुल्क नाही. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे. वॉरंटीविषयी दिशाभूल करणे, इतकेच नव्हे तर विकलेल्या मालाची पावती न देणे, हीही अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

तथापि ही वाट वाटते तितकी सोपी नाही. मालक व्यक्तिशः आपली गाडी विकतो तेव्हा तो सर्वसाधारणपणे व्यापारी ठरत नाही. त्याच्याविरुद्ध दिवाणी न्यायालयाचाच रस्ता उरतो. व्यापाऱ्याविरुद्धही दोष विक्रीच्या वेळी होता हे सिद्ध करावे लागते, आणि त्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल लागतो. वॉरंटीची व्याप्तीही तिच्या शब्दांपुरतीच असते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये नव्या गाडीच्या प्रकरणातदेखील सांगितले, की वॉरंटीत सुटा भाग बदलून देण्याचे वचन असेल तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. गोव्यातील एका ग्राहकाला २०११ मध्ये नवी म्हणून जी गाडी दिली गेली, ती २००९ ची आणि ६२२ किलोमीटर चाललेली निघाली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात विक्रेत्याची जबाबदारी मानली, परंतु टाटा मोटर्स या उत्पादकाला तीतून मुक्त केले. कारण विक्रेत्याच्या या कृत्याची उत्पादकाला माहिती होती असे सिद्ध झाले नव्हते. याचा अर्थ स्पष्ट आहे. फलकावरील नामांकित कंपनीच्या नावावर विसंबून व्यवहार करणाऱ्याने, आपला करार नेमका कोणाशी होत आहे हे आधी पाहिले पाहिजे.

नियमांतील उणीव

केंद्र सरकारने २०२२ च्या डिसेंबरात जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांसाठी नियम केले, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. व्यापाऱ्याने नोंदणी अधिकाऱ्याकडून पाच वर्षांचे अधिकारपत्र घ्यावे, मूळ मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची खबर द्यावी आणि त्यानंतर व्यापारी हाच त्या गाडीचा मानीव मालक समजावा, अशी ही व्यवस्था आहे. तिची गरज होतीच. सही केलेले कोरे फॉर्म हातोहात फिरतात आणि गाडी चौथ्या माणसाकडे असताना अपघाताची भरपाई पहिल्याच्या माथी बसते. नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव, तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलेले आहे.

पण हे नियम गाडी कोणाची आहे याची काळजी वाहतात. गाडी कशी आहे याची नव्हे. अपघात, पूर, मीटर, बदललेले इंजिन यांविषयी ग्राहकाला लेखी निवेदन देण्याची सक्ती त्यांत नाही. मालकीचा माग काढण्याची यंत्रणा उभी झाली. दोषांचे मौन मात्र तसेच राहिले.

या बाबतीत अमेरिकेचा अनुभव उद्बोधक आहे. तेथे १९८५ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला सर्वसाधारणपणे गाडीच्या काचेवर एक पत्रक लावावे लागते. वॉरंटी आहे की गाडी ‘आहे त्या स्थितीत’ विकली जात आहे, आणि दुरुस्तीचा किती टक्के भार विक्रेता उचलणार, हे त्यात नमूद असते. ज्ञात दोष उघड करण्याची अटही आधी त्या नियमात होती. अमेरिकन काँग्रेसने १९८२ मध्ये तो नियम रोखला आणि अंतिम मसुद्यातून ती अट गळाली. म्हणजे मौनाचा हक्क सोडायला व्यापार कोठेही खुशीने तयार होत नाही. हे काम कायद्यानेच करावे लागते.

महाराष्ट्रात ते अवघड नाही. विमा कंपनीने पुराच्या कारणाने संपूर्ण नुकसानीत धरलेल्या प्रत्येक गाडीची नोंद परिवहन खात्याच्या अभिलेखात व्हावी आणि क्रमांक घालताच ती कोणालाही दिसावी. अधिकारपत्रधारक व्यापाऱ्याने प्रत्येक विक्रीबरोबर दोषांचे सही केलेले निवेदन द्यावे. या दोन गोष्टी झाल्या, तरी निम्मे तंटे उद्भवण्यापूर्वीच मिटतील.

तोवर ग्राहकाला १८७२ चाच मार्ग मोकळा आहे : विचारावे, आणि लेखी विचारावे. अपघात झाला काय, गाडी पुरात होती काय, मीटर खरा आहे काय, कर्जाचा बोजा आहे काय, वॉरंटीत कोणते भाग येतात, हे पाच प्रश्न सौदापावतीवर लिहून त्यांखाली विक्रेत्याची सही घ्यावी. सहीला नकार मिळाला, तर तेच उत्तर समजावे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाचा डाग आहे काय, गालिच्याखाली आणि स्टेपनीच्या खाचेत गंज आहे काय, हे पाहावे. अधिकृत कार्यशाळेतील सर्व्हिसच्या नोंदी मीटरशी ताडून पाहाव्यात आणि आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला चार पैसे देऊन बरोबर न्यावे. विसार देण्यापूर्वीचा हा एक दिवस, पुढे गाडी गॅरेजात उभी असताना फेडाव्या लागणाऱ्या हप्त्यांपेक्षा निश्चितच स्वस्त पडतो.

बैल मुका असला तरी त्याचे दात खरे बोलतात. मोटारीला दात नाहीत. तिच्या वतीने कागदाने बोलले पाहिजे. आज तो कागद ग्राहकाला मागून घ्यावा लागतो. तो न मागता त्याच्या हाती पडेल, तेव्हा साताऱ्या-सांगलीचा शिक्षक मोटारीच्या बाजारात आपल्या शेतकरी बापाइतक्याच विश्वासाने उभा राहील.