हिरवळीवरचा खेळ आणि ठेवीदारांचा पैसा

क्रिकेटची लीग चालली, तर गोल्फचीही चालेल, या हिशेबाने फेब्रुवारी २०१३ मध्ये ‘गोल्फ प्रीमियर लीग’ नावाची व्यावसायिक स्पर्धा भरविण्यात आली. स्थळ होते पुणे जिल्ह्यातील सहारा समूहाचे ॲम्बी व्हॅली. परदेशी खेळाडू आणले गेले आणि डोंगरातील हिरवळीवर रात्री विजेच्या झोतात खेळ झाला. अल्पावधीतच ही लीग विस्मरणात गेली. तिच्यावर आज शाई का खर्च करावी? तारखेसाठी!

सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१२ रोजी सहाराच्या दोन कंपन्यांना गुंतवणूकदारांचे सुमारे २४,००० कोटी रुपये व्याजासह परत करण्याचा आदेश दिला होता. समूहाने मुदत मागितली, ती मिळालीही. अखेरच्या हप्त्याची ती मुदत होती फेब्रुवारी २०१३ चा पहिला आठवडा. ती पाळली गेली नाही. ‘सेबी’ने खाती गोठविण्याचा आदेश काढला तो याच महिन्यात, आणि ॲम्बी व्हॅलीत चेंडू टोलविले गेले तेही याच महिन्यात.

हा पैसा कोणाचा? सोलापुरात सात रस्त्यावर उभे राहिले की जो वर्ग दिसतो, त्या वर्गाचा: हातगाडीवाल्याचा, यंत्रमाग कामगाराचा, विड्या वळणाऱ्या बाईचा. बँक ज्याला दारात उभे करीत नाही, त्याच्या दारात एजंट येतो. देशभरच्या अशा चिल्लरीवर सहाराचे साम्राज्य उभे राहिले. त्याच सुमारास सोलापूर जिल्हा दुष्काळाने होरपळत होता. उजनीच्या पाण्यासाठी येथील शेतकरी मुंबईत आझाद मैदानावर उपोषणास बसला होता. तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी इंदापुरात त्याची जी टवाळी केली (माफी नंतर आली), ती जिल्हा विसरलेला नाही.

अशा स्पर्धांनी पर्यटन वाढते, रोजगार मिळतो, हे पालुपद ठरलेलेच. रोजगार म्हणजे धनिकाची पिशवी वाहणे!

२०१७ मध्ये न्यायालयाने ॲम्बी व्हॅलीच्या लिलावाचा आदेश दिला; गिऱ्हाईक फिरकले नाही. सहाराच्या सहकारी संस्थांतील ठेवीदारांसाठी केंद्राने पोर्टल उघडले ते जुलै २०२३ मध्ये, आणि आरंभी प्रत्येकी कमाल १०,००० रुपयांसाठी. अर्जाला आधारशी जोडलेला मोबाईल हवा, बँक खाते हवे, पावती हवी. ज्यांच्यापाशी यातले एखादे नाही, त्यांची यादी कोणी केलेली नाही. पक्षाच्या शाखांनी ती वस्तीवस्तीत जाऊन करावी आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवावी.