लेकराला वाढवतं कोण?

मुलांनो, सांगा बरं, तुम्हाला कोण वाढवतं? ‘आई-बाबा!’ तुम्ही पटकन म्हणाल. बरोबर आहे. पण आपल्या बीड जिल्ह्यातल्या हजारो मुलांना विचारा. त्यांचं उत्तर दिवाळीनंतर बदलतं!

दसरा-दिवाळी झाली की शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे एक ‘कोयता’ म्हणतात. हा कोयता पाच-सहा महिने कोल्हापूर-सांगलीकडे, नाहीतर कर्नाटकात, उसाच्या फडात असतो. मग लेकरांचं काय?

काही मुलं गावीच आजीजवळ राहतात. काही शाळांत त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह चालतं, तिथे जेवण मिळतं. आजीला पुस्तक वाचता येत नसेल, पण सांजच्याला ती विचारतेच, “लेकरा, जेवलास का? शाळंत गेलतास का?” खोटं बोललं तर रागावते, ताप आला तर उशाशी बसते. संस्कार म्हणतात ते हेच! ते भाषणातून येत नाहीत, रोजच्या विचारपुशीतून येतात.

काही मुलं मात्र आई-बाबांबरोबर जातात. अंधार असतानाच आई-बाबा फडात पोचतात. मागे कोपीवर तान्ह्या भावाला कोण सांभाळतं? नऊ-दहा वर्षांची ताई! ती त्याला भरवते, निजवते, पाणीही भरते. तिचंच ऐकून भाऊ बोलायला शिकतो.

किती गुणाची ताई, असं वाटलं ना? पण थांबा. ताईसुद्धा लहानच आहे. भावाला ती वाढवते, मग तिला कोण वाढवतं? तिचा धडा तर गावच्या शाळेत अर्धाच राहिला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिकण्याचा हक्क देणारा कायदा २००९ मध्ये झाला. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना २०२१ मध्ये आली. ती ताईपर्यंत पोचली, तरच तिच्या कामाची!

पालकहो, ‘तू मोठी ना, सांभाळ त्याला’ हे वाक्य आपल्या घरातही असतंच. घटकाभर ठीक आहे. पण त्या मोठीची वही आज कुणी पाहिली का?

आणि मुलांनो, आज एक काम करा. तुम्हाला कुणी कुणी वाढवलं, त्यांची नावं लिहा. आजी, काकू, शाळेतल्या बाई... त्यात ताईचं नाव आलं, तर तिला म्हणा, “आज भांडी मी घासतो. तू अभ्यासाला बस!”