झऱ्याच्या माथ्यावर कूपनलिका नको

खानदेशातील एखाद्या गावाच्या पाण्याची खरी स्थिती जाणावयाची असेल, तर वैशाखात त्याच्या पाणवठ्यावर जावे. तापीकाठी केळीच्या बागांना पाणी चालू असते. आणि तेथून काही कोसांवर, सातपुड्याच्या उतारावरील यावल, रावेर, चोपडा व शिरपूर तालुक्यांतील पाड्यांवर, तसेच पश्चिमेस साक्रीच्या डोंगराळ भागात, स्त्रिया पहाटेपासून झऱ्याशी किंवा नाल्याच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्याशी पाळी लावून बसलेल्या असतात. पाणी वाटीने भरावे लागते. २०१९ साली जलजीवन मिशन सुरू झाल्यापासून पुष्कळ घरांपर्यंत नळ गेला हे खरे. परंतु नळाचा उद्भव आटला की पावले पुन्हा त्याच जुन्या वाटेस लागतात.

अशा गावी टंचाईची ओरड झाली म्हणजे पहिली मागणी कूपनलिकेची होते, आणि जागाही बहुधा झऱ्याजवळची, त्यातही वरच्या अंगाची सुचविली जाते. ‘येथे पाणी आहे हे दिसतेच आहे’, असा त्यामागील युक्तिवाद असतो. तो वरवर पटणारा आहे, परंतु घातक आहे.

झरा म्हणजे जमिनीत दडलेला अक्षय साठा नव्हे. डोंगरावर पडलेला पाऊस मुरूम व सच्छिद्र मांजऱ्या खडकात मुरतो, खाली अखंड काळ्या पाषाणाचा थर लागला की त्यावरून उताराकडे सरकतो, आणि तो थर जेथे उघडा पडतो तेथे बाहेर येतो. धुळे जिल्ह्यात काळ्या खडकाच्या लांबच लांब भिंती जमिनीत उभ्या आहेत. काही ठिकाणी त्यांच्यामुळेही भूजल अडते आणि वरच्या अंगास फुटते. वरच्या अंगास खोल छिद्र पाडले म्हणजे पाणी धरून ठेवणारा तोच थर फोडला जाण्याचा संभव असतो. मग पाणी एक तर पंपाने उपसले जाते, नाही तर खालच्या भेगांत निसटते. कूपनलिका दोन उन्हाळे चालते, झरा कायमचा बंद पडतो, आणि गावाच्या हाती दोन्हींपैकी काहीच उरत नाही. झऱ्याचे तोंड मोठे करण्यासाठी सुरुंग लावणे हाही त्याच जातीचा उतावीळपणा होय.

चोपडा तालुक्यात अडावदजवळील उनपदेवाचे उदाहरण येथे कोणी देईल. तो उष्ण पाण्याचा झरा आहे. त्याचे पाणी खोल भेगांतून वर येते. त्याच्यावरून डोंगरातील साध्या झऱ्याचा हिशेब करणे चुकीचे ठरेल. मात्र एक गोष्ट तेथून शिकण्यासारखी आहे. पाणी गोमुखातून पडते आणि माणसे खालच्या कुंडात उतरतात. उगमात कोणी पाय घालीत नाही. पिण्याच्या झऱ्याशी मात्र गुरे, धुणी आणि हंडे एकाच डबक्यात असतात!

तेव्हा खोदण्यापूर्वी मोजणे हे गावपातळीवरील सेवकाचे पहिले काम असावे. त्यास यंत्र लागत नाही. एक बादली आणि एक घड्याळ पुरे. पंधरा लिटरची बादली तीन मिनिटांत भरली, तर मिनिटास ५ लिटर, तासास ३०० आणि अहोरात्र ७,२०० लिटर पाणी होते. माणशी रोज ५५ लिटर हे जलजीवन मिशनचे प्रमाण धरल्यास एवढे पाणी १३० माणसांना पुरते. मग रांग का लागते? कारण रात्रीच्या बारा तासांचे ३,६०० लिटर वाहून जाते. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि एक मीटर खोल अशी झाकलेली टाकी झऱ्याच्या खालच्या अंगास बांधली, उगमाभोवती दगडगोट्यांची गाळणी देऊन पाणी नळीने टाकीत आणले आणि गुरांसाठी आणखी खाली हौद ठेवला, तर स्त्रियांचे रात्रीचे जागरण बंद होऊ शकते. मोजणी मार्च ते मे या काळात दर पंधरवड्यास व्हावी. श्रावणातला आकडा फसवा असतो. पाण्याची तपासणी करूनच ते प्यावे, कारण स्वच्छ दिसणारे पाणी निर्दोष असतेच असे नाही.

साठवण हा अर्धा भाग झाला. झऱ्याचा माथा जर उघडाबोडका असेल, तर टाकी एक दिवस कोरडी पडेल. साक्री तालुक्यातील बारीपाडा या गावाने १९९०च्या दशकाच्या आरंभी चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने वनसंरक्षण समिती केली, वृक्षतोडीवर दंड बसविला आणि सुमारे १,१०० एकर जंगल राखले. पाण्यासाठी वणवणणाऱ्या त्या गावाच्या विहिरींना त्यामुळे पाणी टिकू लागले. श्री. पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. परंतु ध्यानात घ्यावयाचा तो दंड, आणि तो भरणाऱ्यांत स्वतः गावकरीच होते ही गोष्ट.

झरा वनजमिनीत आहे म्हणून काहीच करता येत नाही, ही सबब वारंवार ऐकू येते. ती पुरती खरी नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात पिण्याच्या पाण्याची सोय व जलवाहिनी यांसाठी, ग्रामसभेच्या शिफारशीवरून, एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देण्याची तरतूद आहे. तसेच पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर महाराष्ट्राने १९९३ सालीच कायद्याने निर्बंध घातला. ज्या झऱ्याची कोठे नोंदच नाही, त्यास असल्या संरक्षणाचा आधार कसा मिळणार? बहुतेक झऱ्यांची अवस्था ही अशी आहे. गावच्या दप्तरात विहिरी असतात, हातपंप असतात, झरा नसतो.

ही नोंद करताना झऱ्याची माहिती पुरुषमंडळींस विचारून भागणार नाही. कोणत्या महिन्यात धार बारीक होते, कोणत्या वर्षी ती आटली, कोठले छिद्र पाडल्यानंतर ती मंदावली, हे रोज हंडा भरणाऱ्या स्त्रियांना ठाऊक असते. कूपनलिकेची जागा ठरविणाऱ्या सभेत मात्र त्या बहुधा मागे बसलेल्या असतात, किंवा त्या वेळी पाण्यावर गेलेल्या असतात. ग्रामसभेने जागेचा ठराव करण्यापूर्वी ती सभा एकदा झऱ्यावरच, हंड्यांच्या रांगेशेजारी भरवावी.