सिगारेट सुटली, पण चालायचं कुठं?

सिगारेट सोडून परवा 11 महिने झाले. 22 वर्षं ओढली. बातमीची घाई, टपरीवरचा चहा आणि सिगारेट हे आमच्या धंद्यातलं जुनंच त्रिकूट. त्यामुळे उपदेश करायला बसलेलो नाही. दुखणं वेगळंच आहे.

पहिले तीन दिवस फार वाईट गेले. डोकं जड, घरात विनाकारण चिडचिड. डॉक्टर म्हणाले, तलफ काही मिनिटंच टिकते, तेवढा वेळ पायांना काम द्या. मग तलफ आली की चपला घालायच्या आणि 10 मिनिटं चालून यायचं. पुढं भूक वाढली, वजनही वाढायला लागलं, तेव्हा रोज पहाटे अर्धा तास मैदानावर जायला लागलो. आठवड्याला 150 मिनिटं, एवढंच तर जागतिक आरोग्य संघटनाही मोठ्या माणसांना सांगते. हळूहळू चौघांची टोळी जमली. एखादा दिवस दांडी मारली की फोन यायचा. सवय अशीच लागते. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, माणसं ठरलेली.

दिवाळीनंतर मैदान प्रदर्शनाला दिलं. चारही बाजूंनी पत्रे ठोकले, सव्वा महिना फाटक बंद. रस्त्यावर चालून बघितलं. फुटपाथवर हातगाड्या, दिवे बंद, मागं कुत्री आणि अंगावर येणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या. बायका तर त्या अंधारात निघूच शकत नाहीत. टोळी फुटली. सहाव्या दिवशी माझे पाय आपोआप टपरीकडं वळले. टपरीवाल्यानं न विचारताच जुनं पाकीट पुढं केलं. चहा पिऊन परत आलो, पण त्या दिवशी थोडक्यात वाचलो.

सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला 2008 पासून देशभर बंदी आहे. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, हा कायदा 2003 चा. आपल्या गावात पावलं मोजून बघा. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले 15 वर्षांवरचे 26.6 टक्के लोक तंबाखू घेत होते. ओढणारे कमी, चघळणारे जास्त. म्हणजे प्रश्न माझ्या एकट्याचा नाही. तंबाखू 50 पावलांवर मिळते आणि सुरक्षित चालायला जागा नाही, मग सोडणाऱ्यानं टिकायचं कसं?

ओपन जिमची यंत्रं उद्घाटनाच्या फोटोपुरती झाली, आता गंजलीत. आम्हाला कोटीची योजना नकोय. मैदान भाड्यानं खुशाल द्या, उत्पन्न गावालाच लागतं. पण पहाटे 5 ते 8 चालायची पट्टी मोकळी राहील, ही अट करारात घाला. खड्डे बुजवून, खिळे उचलल्याशिवाय अनामत परत करू नका. आणि चार दिवे लावा.

पुढच्या महिन्यात मैदान पुन्हा दिलं जाणार आहे, म्हणून आत्ताच लिहितोय.

सोडायचा विचार असेल तर 1800-11-2356 ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे. आणि उद्या पहाटे पावणेसहाला मी फाटकापाशी आहे. या. फाटक उघडं असलं तर चालू, बंद असलं तर फोटो काढू.